नागपूरच्या खासगी बगिच्यांची चैत्रातली टूर: आम्ही मायलेकी जाऊन आलो

आधीच सांगून टाकते, जा. पुढच्या चैत्रात पुन्हा ठेवली तर अजिबात सोडू नका. फक्त बसच्या वेळेचं आधी फोन करून पक्कं करून घ्या आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर सरळ स्वतःची गाडी घेऊन जा, का ते खाली येईलच.

तर झालं असं, आपल्या नागपुरात जुनी झाडं आणि जुन्या विहिरी यांच्यासाठी काम करणारा एक छोटासा गट आहे, आठवडाभर नोकऱ्या करून रविवारी हातात घमेलं-फावडं घेणारी माणसं, त्यांनी यंदाही पाडव्यानंतरच्या एका रविवारी चार खासगी बगिचे एका दिवसापुरते लोकांना उघडून दाखवायचं ठरवलं. ज्या फाटकांवरून आपण वर्षानुवर्षं स्कूटरने जातो आणि आत नुसती गर्द सावली दिसते ना, ती फाटकं. तिकीट माणशी ७०० रुपये, साठीच्या वरच्यांना ५००, शाळेतल्या पोरांना फुकट. त्यात बस, नाश्ता आणि दुपारचं जेवण. मालक यातला एक रुपया घेत नाहीत, सगळे पैसे विहिरींचा गाळ काढायला आणि जुन्या झाडांच्या देखभालीला जातात. मी विचारलं की हिशोब कुठे बघायला मिळेल, तर त्यांनी लगेच बसमध्येच वही काढून हातात दिली, मागच्या वर्षीचा गाळ काढणाऱ्या मजुरांचा रोज, ट्रॅक्टरचं भाडं, दोरखंड, चुना, मोरचूद, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. मला तिथेच बरं वाटलं.

मी आईला घेऊन गेले होते. आई ७४ वर्षांची, तिचं माहेर काटोलकडचं, संत्र्याच्या बगिच्यात वाढलेली, आता प्रतापनगरला आमच्याकडे असते आणि अंगणात चार कुंड्या आणि एक लिंबाचं झाड एवढंच तिचं राज्य आहे. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती कुठे यायलाच तयार नसायची, पण बगिचा म्हटल्यावर आदल्या रात्रीच पिशवी भरून तयार.

ही कल्पना मुळात बाहेरची आहे. इंग्लंडमध्ये १९२७ साली असंच सुरू झालं, घरोघरी जाऊन आजारी माणसांची सेवा करणाऱ्या नर्सेससाठी पैसे उभे करायला लोकांनी आपापल्या घरच्या बागा उघडल्या, माणशी एक शिलिंग, आणि पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या गेल्या. नॅशनल गार्डन स्कीम म्हणतात त्याला, आजही चालू आहे. अमेरिकेतली गोष्ट मला जास्त आवडते. फ्रँक कॅबट नावाचे गृहस्थ कॅलिफोर्नियात रूथ बॅनक्रॉफ्ट या बाईंची बाग बघायला गेले, सगळी निवडुंग आणि कोरड्या हवेतली झाडं, आणि त्यांच्या मनात आलं की या बाईंच्या नंतर ही बाग कोण सांभाळणार. त्यातून १९८९ मध्ये गार्डन कॉन्झर्व्हन्सी ही संस्था निघाली आणि १९९५ पासून त्यांनी खासगी बागा लोकांना दाखवायचे ओपन डेज सुरू केले. बॅनक्रॉफ्ट बाई पुढे १०९ वर्षं जगल्या आणि त्यांची बाग आजही लोकांना बघता येते. माझी भाची कनेक्टिकटला असते, ती दर जूनमध्ये तिकडच्या अशा बागांना जाते आणि फोटो टाकते, पिओनीची बशीएवढी फुलं, हिरवीगार लॉन्स. तिकडचा सुरुवातीचा उन्हाळा म्हणजे जून. आपल्याकडे जूनमध्ये लोक मृगाची वाट बघत असतात, तोपर्यंत झाडं अर्धी भाजलेली. आपला सुरुवातीचा उन्हाळा म्हणजे चैत्रच, कडुनिंबाला मोहोर, पिंपळाला तांबूस पालवी, कैऱ्या धरलेल्या, मोगरा सुरू झालेला. त्यामुळे दिवस अगदी बरोबर निवडला असं मला वाटतं.

सकाळी साडेसहाला पहिला बगिचा, सिव्हिल लाइन्समधला जुना बंगला. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं तेव्हाचे हे बंगले, आता थोडेच उरले, बाकीच्यांच्या जागी बिल्डिंगा उभ्या राहून राहिल्या आहेत. घर बैठं, कौलारू, समोर लांब व्हरांडा आणि त्याला अजूनही वाळ्याच्या ताट्या लावतात, आम्ही गेलो तेव्हा त्यांच्याकडचा गडी त्या ताट्यांवर पाणी मारत होता आणि तो वास नाकात गेला ना, आई नुसती उभीच राहिली दोन मिनिटं. कूलरमध्ये तोच वाळा असतो पण असा वास येत नाही.

झाडं काय सांगू. कैलाशपतीचं एक प्रचंड झाड आहे, त्याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, खोडातूनच लोंबत्या दांड्यांवर येतात, गुलाबी-केशरी आणि आत नागाने फणा काढावा तशी रचना, आणि तोफेच्या गोळ्याएवढी फळं. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं पण आपल्याकडे देवळांजवळ लावून लावून ते आपलंच झालंय. शेजारी सीतेचा अशोक फुललेला होता, खराखुरा, केशरी-लाल गुच्छांचा. आपण सोसायट्यांच्या कंपाउंडला लावतो तो उंच सरळसोट अशोक वेगळा, याची सावलीसुद्धा वेगळी पडते.

पण तिथली खरी गोष्ट कडुनिंबाची. बंगल्याच्या मागच्या बाजूला एक जुनं कडुनिंब आहे, दोघांनी हात पसरले तरी कवेत न येणारं, आणि त्याच्या खोडात दुसऱ्या मजल्याच्या उंचीला एक ढोली आहे. त्यात धनेशाचं घरटं. राखी धनेश नागपुरात तसा दिसतो, महाराजबागेकडे, सेमिनरी हिल्सला, पण घरटं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मादी आत जाऊन बसते आणि आपली विष्ठा, माती वगैरेंनी ढोलीचं तोंड लिंपून टाकते, एक उभी फट तेवढी ठेवते, आणि मग आठवडेच्या आठवडे नर बाहेरून भरवतो. आम्हाला लांब, व्हरांड्याच्या कोपऱ्यातच थांबवलं होतं आणि कोणी बोलायचं नाही असं आधीच सांगितलं होतं, ते फार चांगलं केलं. दहा मिनिटांनी नर आला, खोडाला बिलगून बसला, मान मागे घेतली, घशातून एक उंबर वर काढलं आणि चोचीच्या अगदी टोकाने त्या फटीत दिलं. मग दुसरं. मग तिसरं. आतून फक्त चोचीचं टोक दिसायचं. आई माझ्या दंडाला धरून मोजत होती, एका फेरीत अकरा उंबरं. परत जाताना ती हळूच म्हणाली, "बाई गं, ती आत कोंडून घेते स्वतःला, म्हणजे याच्यावर केवढा भरवसा असेल."

आता यात पैशाचा संबंध कुठे आला ते सांगते. दोन वर्षांपूर्वी त्या कडुनिंबाच्या बुडाला चारी बाजूंनी काँक्रीट होतं, गाड्या लावायला केलेलं, खोडाला अगदी चिकटून. झाडाच्या एका बाजूच्या फांद्या वाळायला लागल्या होत्या. या गटाने मालकांना समजावलं आणि तिकिटाच्या पैशातून ते काँक्रीट फोडून सगळीकडे मीटरभर माती मोकळी केली, ब्रेकर मशीन जवळ न लावता छिन्नी-हातोड्याने, मुळं दुखावू नयेत म्हणून, आठ रविवार लागले. वाळलेल्या बाजूला या चैत्रात पालवी आहे. मी हात लावून बघितली. धनेशाला घरटं करायला ढोली लागते आणि ढोली जुन्या झाडालाच असते, आपण कितीही रोपं लावली तरी त्यांना ढोली यायला आपली नातवंडं म्हातारी होतील. तिथे माहिती देणाऱ्या मुलीने आणखी एक सांगितलं जे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, की आपल्या स्वतःच्या कंपाउंडमधलं झाड असलं तरी शहरात ते परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५ चा कायदा आहे, आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष धरलं जातं. आमच्या गल्लीत गेल्या मे महिन्यात एक चिंच रातोरात गेली, तेव्हा हे माहीत असतं तर निदान अर्ज तरी केला असता.

नाश्ता तिथेच, तर्री पोहे आणि चहा. पोहे चांगले होते, तर्री बेताची तिखट ठेवली होती वयस्कर लोकांसाठी. प्लास्टिकच्या प्लेटी नव्हत्या, पळसाच्या पानांचे द्रोण.

दुसरा बगिचा रामदासपेठेतल्या एका घरचा, लहानसा, फक्त मोगरा-जाई-अनंत आणि गच्चीवरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची टाकी. छान आहे पण ४० माणसं एकदम त्यात मावतच नाहीत, निम्मे बाहेर रस्त्यावरच उभे. इथे दोन गट करून पाठवायला हवं होतं. एका बाईंनी मोगऱ्याच्या कळ्या खुडून पर्समध्ये टाकायला सुरुवात केली आणि मालकीणबाईंचा चेहरा असा काही झाला, बोलल्या काही नाहीत बिचाऱ्या, पण कृपा करून असं करू नका हो, कोणी आपलं घर उघडून देतंय.

मग काटोल रोडने कळमेश्वरच्या बाजूला संत्र्याच्या बगिच्यात. आणि इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण माझ्यासाठी सगळ्या टूरचे पैसे इथेच वसूल झाले.

नागपूरचं संत्रं नागपूरचं संत्रं आपण म्हणतो, २०१४ मध्ये त्याला जीआय टॅगही, म्हणजे भौगोलिक मानांकनही, मिळाला, बाहेरगावी जाताना बर्फीचे डबे नेतो, पण नागपुरातल्या किती जणांनी संत्र्याचं झाड चैत्रात बघितलंय? मी आजोळी लहानपणी बघितलं असेन पण तेव्हा फळं खाण्यापलीकडे लक्ष कुठे होतं. हा बगिचा एका कुटुंबाचा, तिसरी पिढी, आणि तो सांभाळतात एक माळीकाका, गेली ३५ वर्षं तिथेच आहेत, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेला, चालताना प्रत्येक झाडाच्या खोडाला सहज हात लावत जायचे.

झाडांवर आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारीच्या पुढच्या फुलोऱ्याची, फळं होती, वाटाण्यापासून गोटीएवढी, हिरवीगार. काही झाडांवर मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची, शेवटची पिवळी संत्री अजून राहिलेली. खाली जमिनीवर बारीक बारीक फळांचा सडा पडलेला. एका मुलाने विचारलं की हे नुकसान झालं का, तर काका म्हणाले, "नाही बाबू, झाडाले जेवढी झेपते तेवढीच ठेवते ते. पण आता ऊन तापलं अन् पाणी कमी पडलं का मंग खरी गळ सुरू होते, त्याचंच भेव असते." मग त्यांनी ताणाचं सांगितलं, की डिसेंबरात पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानं जराशी मलूल होईपर्यंत, आणि जानेवारीत ताण सोडला, पाणी दिलं, की बहार फुटतो. कधी तोडायचं, किती दिवस, हे जमिनीवर अवलंबून, भारी काळ्या जमिनीला जास्त दिवस लागतात.

आणि मग झाडांभोवतीची आळी. प्रत्येक झाडाला दोन आळी, एकात एक, दोन गोल बांगड्या ठेवाव्या तशी. खोडाजवळची आतली बांगडी कोरडी ठणठणीत, बाहेरच्या बांगडीत पाणी आणि त्यावर सोयाबीनच्या कुटाराचं, म्हणजे भुशाचं, जाड आच्छादन. आईने विचारलं, "भाऊ, आतलं आळं कोरडं कसं ठेवलं?" ते खाली उकिडवे बसले, कुटार बाजूला सारलं, बोटाने माती उकरली आणि आईला म्हणाले, "माय, पाणी बुडाले नाही लावत जी. बुड ओलं राह्यलं का डिंक्या येते, साल फाटते, डिंक गळते, अन् झाड चार-पाच वर्षात जाते. त्याची पाणी पेणारी पांढरी मुळी इथं बाहेर असते, हे पाहा." आणि खरंच, कुटाराखाली माती गार, ओलसर, भुसभुशीत, त्यात केसासारखी पांढरी मुळं आणि एक गांडूळ. बाहेर ऊन एवढं की चप्पल तापलेली, आणि वीतभर बाजूला ही माती हाताला फ्रीजमधून काढल्यासारखी. आईने त्यातली मूठभर हातात घेतली आणि वास घेतला. मी तिच्याकडे बघत होते, ती काही बोलली नाही, पण तिचे डोळे भरून आले होते, आजोबांच्या बगिच्याला डिंक्यानेच खाल्लं होतं, ते मला मागाहून बसमध्ये तिने सांगितलं. खोडाला लागून पाट सोडायचे सगळे तेव्हा.

खोडांना तीन फुटांपर्यंत निळसर-पांढरा रंग दिलेला होता, तो शोभेचा नाही, बुरशीपासून वाचवणारी बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. काकांनी हेही दाखवलं की डोळा भरलेली जागा, म्हणजे खालचं जंबेरीचं खोड आणि वरचं संत्र्याचं जिथे जुळतं ती गाठ, ती मातीच्या चांगली वर असली पाहिजे, लोक हौसेने भर घालून ती गाडून टाकतात आणि तिथूनच रोग शिरतो. घरी लिंबू असलेल्यांनी हे जाऊन बघा, आमच्या लिंबाची गाठ मातीत गाडलेली निघाली, आल्या आल्या आधी ती मोकळी केली.

इथे माझी एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. काका बोलत होते तेव्हा आयोजकांच्या बाजूच्या एका स्वयंसेवकाने हातातला स्पीकर चालू करून संत्र्याचा इतिहास वाचायला सुरुवात केली, भोसल्यांच्या काळापासून. माहिती चांगली होती, वाचतही छान होता, पण काका मधेच थांबले आणि मागे जाऊन उभे राहिले. जो माणूस ३५ वर्षं त्या झाडांना पाणी देतोय त्याला मधेच तोडायचं नसतं हो. इतिहास बसमध्ये वाचा, बस दीड तास चालली. पुढच्या वेळी प्रत्येक बगिच्यात बोलायला माळीच पुढे असावा, आणि त्या ७०० रुपयांतला काही भाग सरळ त्यांच्या हातात पडावा, हे मी त्यांच्या फीडबॅकच्या फॉर्मवरही लिहिलंय.

तिथल्या विहिरीवर अजून मोटेची धाव शिल्लक आहे, बैल उतरायचे तो उतार, आणि दगडी थारोळं, जिथे मोट रिकामी व्हायची. आता मोटर आणि ठिबक आहे अर्थात. मागच्या वर्षी विहिरीचा गाळ याच पैशातून काढला आणि मालक म्हणाले की त्यामुळे त्यांनी नवी बोअर मारायचा बेत रद्द केला. हे मला फार मोठं वाटतं. वरुड-मोर्शीकडे संत्र्यासाठी बोअर खोल खोल नेऊन जमिनीखालचं पाणी कसं संपत गेलं ते आईच्या नात्यातल्या लोकांनी भोगलंय.

आता बसचं. इथून निघायची वेळ सव्वादहा होती, चौथ्या ठिकाणी पावणेअकराला पोचून बारापर्यंत बघणं आणि मग जेवण. बस आम्हाला सोडून दुसरीकडे कुठेतरी डिझेल भरायला गेली आणि पावणेबाराला आली. दीड तास. संत्र्याची सावली खाली बसायला पुरते, उभं राहायला नाही. फोनवर ४१ दाखवत होतं. पाण्याचे दोन कॅन अकरापर्यंत संपले. बायकांसाठी टॉयलेटची काही सोय नव्हती, मालकांच्या घरच्या बाईंनी स्वतःहून आपलं घर उघडून दिलं म्हणून निभावलं, नाहीतर आईसारख्या बायकांनी काय करायचं. एका आजोबांना गरगरायला लागलं तेव्हा माळीकाकांनीच त्यांना पंपाच्या खोलीत झोपवून डोक्यावर ओला दुपट्टा ठेवला, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, आणि ते बरे झाले. आयोजकांनी नंतर सगळ्यांची माफी मागितली, मनापासून मागितली, पण नागपूरच्या उन्हाला माफी कळत नाही. वेळ पाळायची नसेल तर हा कार्यक्रम साडेनऊला संपवा. दोनच बगिचे दाखवा.

चौथं ठिकाण सावनेरच्या रस्त्याला एका जुन्या मालगुजारांचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचा, वाडा आणि त्यांची आमराई. मालगुजारी १९५१ मध्येच गेली, जमीन गेली, वाड्याचा अर्धा भाग पडलाय, पण आमराई आणि बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, त्या घराने धरून ठेवली. आम्ही पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते आणि सगळे वैतागलेले, आणि आमराईत पाय टाकला तसे सगळे गप्प झाले. इतकी गार. वर तांबट टुक टुक करत होता, हळद्या एकदा चमकून गेला, बाकी आवाज नाही.

सगळी गावरान झाडं, एकही कलम नाही, आणि प्रत्येक झाडाला नाव आहे. शेंदऱ्या, खोबऱ्या, गोट्या, साखऱ्या, आणि एक शेप्या. वाड्यातल्या काकू, साठीच्या असतील, आम्हाला नावं सांगत फिरत होत्या आणि शेप्यापाशी आल्यावर आई त्यांच्या आधीच म्हणाली, "याच्या कैरीला शेपूचा वास येतो." काकूंनी वळून बघितलं, खालची पडलेली कैरी उचलली, नखाने साल काढली आणि आईच्या नाकाजवळ धरली. मलाही दिली. खरंच शेपू! आईच्या माहेरी असंच एक झाड होतं म्हणे, रस्त्यात गेलं. त्यानंतर त्या दोघी जणी जेवेपर्यंत हात धरून फिरत होत्या, मी मागे मागे.

एवढं मी यासाठी लिहितेय की असं झाड नर्सरीत मिळत नाही. गावरान आंबा कोयीपासून येतो आणि प्रत्येक झाडाची चव वेगळी असते, कलम न करता ते झाड तोडलं की ती चव जगातून गेली, पुन्हा नाही. आमराया लाकडासाठी जातात, प्लॉटसाठी जातात. या घरावरही लेआउटवाल्यांचे फोन येत असतात, काकूंनीच सांगितलं, आणि त्या म्हणाल्या की लोक बघायला यायला लागल्यापासून त्यांच्या मुलाने विकायचा विषय काढला नाही.

बावडी आमराईच्या टोकाला. चौकोनी, काळ्या दगडाची, तीन बाजूंना कोनाडे. तिचा गाळ सलग दोन उन्हाळे काढला आणि खाली आणखी सात पायऱ्या निघाल्या, ज्या घरातल्या कोणालाच माहीत नव्हत्या, काकूंच्या सासूबाईंनाही नाही. त्या सात पायऱ्या अजून वेगळ्या दिसतात, वरच्या काळ्याभोर आणि या खालच्या ताज्या घडवल्यासारख्या, टाकीचे घाव सुद्धा दिसतात दगडावर, कारण गाळात गाडलेल्या होत्या म्हणून ना झिजल्या ना वारा-पाऊस लागला. मी खाली उतरून त्यातल्या शेवटच्या पायरीवर बसले, पाय पाण्यात. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ ला गेला होता ना, त्या वर्षी हीच बावडी आटली आणि आमराईतली चार झाडं वाळली असं काकू म्हणाल्या, त्यांचे बुंधे अजून आहेत. आता चैत्रात कमरेच्या वर पाणी आहे.

जेवण पंगतीत, वाड्याच्या उरलेल्या ओसरीवर. गोळाभात आणि वरून फोडणीचं तेल, कढी, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, कैरीचा टक्कू आणि पन्हं. टक्कूसाठी दोनदा मागितलं मी. भूक उशिराची होती हे खरं, पण गोळे हलके झाले होते, आतपर्यंत वाफलेले, हे सगळ्यांना जमत नाही.

परत येताना बस वेळेवर निघाली, चारला घरी.

मला सगळ्यात जास्त काय पटलं तर पैसा कुठे गेला ते डोळ्यांनी दिसतं. कडुनिंबाची पालवी, न मारलेली बोअर, सात पायऱ्या. देणगी मी बऱ्याच ठिकाणी देते, पावती येते, विषय संपतो. इथे मी माझ्या ७०० रुपयांच्या पायरीवर बसून आले. पाचपैकी चार देते, एक कापला तो पूर्णपणे बस, पाणी आणि टॉयलेटसाठी, बगिच्यांसाठी पाचच्या पाच. ज्यांना जायचंय त्यांनी टोपी किंवा दुपट्टा, स्वतःची दोन लिटरची पाण्याची बाटली, पायात बूट घ्या, चपलेत कुटार शिरतं. सेल्फी स्टिक घरी ठेवा, धनेश बिचकतो.

जूनच्या सुरुवातीला शेप्याला पाड लागेल, तेव्हा ताज्या कोया न्यायला या, कोय वाळू द्यायची नाही, असं काकूंनी आईला बजावून सांगितलंय, नंबरही दिलाय. आईने काल संध्याकाळी लिंबाच्या पलीकडची फरशी उखडायला माणूस बोलावला. आळं दुहेरीच कर म्हणून त्याच्या डोक्यावर उभी होती.